रविवारची वही

मला विमानातलं काही कळत नाही.
छत्तीस वर्षं वीज मंडळात मीटरचे आकडे उतरवले,
आता इथले उतरवतो:
लोहगाव, पत्र्याची शेड, रविवार, सकाळी आठ.
हजर नऊ. गैरहजर दोन,
एकाचा मोतीबिंदू, एकाची सून बाळंत.
रिव्हेट काढले एकशे चौदा, बसवले सत्तर.
चहा सतरा कप.

शेडभर ते पसरलेलं असतं,
चार इंजिनांचं, लढाईवरून आलेलं आणि परत न गेलेलं.
पंख एवढा,
की या टोकाहून दस्तुरांनी हाक मारली
तर त्या टोकाला मॅस्करेन्हस नुसता हात हलवतो,
ऐकू आल्यासारखा.
दोघांचेही कान इंजिनांनीच खाल्लेत.

शेपटीचं सुकाणू पत्र्याचं नाही, कापडाचं.
हे कळलं त्या रात्री मला झोप नाही.
बाँब टाकायला निघालेलं धूड
आणि वळायचं ते कापडाच्या भरवशावर!
रास्ता पेठेच्या शरयू खांबेटे,
जन्मभर परकर-पोलकी शिवलेल्या,
ओठांत सुई धरून म्हणाल्या,
"शिवण उसवली की गिऱ्हाईक भांडायला परत येतं हो.
इथे तेही यायचं नाही."
मग टाके मोजायला मलाच बसवलं.

भोसरीच्या लेथवर एक दातेरी चाक
तीनदा कापलं, तीनदा भंगारात टाकलं.
जुन्या बाजारात, समया आणि तुटक्या मिक्सरच्या मधे,
उंची दाखवणारं घड्याळ सापडलं.
विकणाऱ्याच्या मते ते वजनकाट्याचं, म्हणून दोनशेला दिलं.
काटा नऊ हजार फुटांवर अडकलेला.
पुढे वर गेलं की खाली आलं,
वही गप्प.

पोटाचे दरवाजे गुंडाळत वर सरकतात, दुकानासारखे.
म्हणून भवानी पेठेतून मुनीर शिकलगार आला, शटरवाला.
रुळांना ग्रीस लावलं,
आतल्या काळोखात डोकावला
आणि सहज विचारलं, "इथे माल काय असायचा?"

दगडू ओव्हाळ पाना पुसत होता, पुसतच राहिला.
"माझी आई भरायची तो माल. खडकीला, फॅक्टरीत.
तळहात पिवळेधम्मक.
लग्नघरी बायका चेष्टा करायच्या,
नवरीआधी हळद तुलाच लागली का गं?
हसायची. मग मोरीत जाऊन हात घासायची.
राखेनं घासायची."
पाना तोवर चकचकीत झाला होता.

त्याच आठवड्यात नाकावरचा रंग खरवडला.
हिरव्याखाली करडा, करड्याखाली
पांढरे इवलेसे बाँब, रांगेत काढलेले,
दर फेरीला एक.
मोजायचं काम माझं. एकतीस.
लिहिलं, आणि पेन अडलं:
जमेच्या बाजूला की खर्चाच्या?

दस्तूर म्हणाले, होतं तसं रंगवू, इतिहास आहे.
ओव्हाळ म्हणाला, रंगवा की,
मग खालच्यांच्याही रेघा काढा. आहे का जागा नाकावर?
शरयूबाई काहीच बोलल्या नाहीत,
दोरा मात्र दातानं तोडला.
त्या दिवशीची नोंद: रिव्हेट शून्य. चहा सव्वीस कप.
नाकाचा तेवढा तुकडा अजून तसाच आहे,
खरवडलेला.

काल तीन नंबरचं इंजिन लागलं.
आधी खोकलं, मग निळा धूर,
मग सगळ्या शेडचे पत्रे एकदम बोलायला लागले.
माझी टोपी पार कुंपणापलीकडे.
आणि मॅस्करेन्हसला ऐकू आलं!
कानामागे हात धरून ओरडला,
"सातवा सिलिंडर खोटं बोलतोय!"

त्या थरथरीतच मुनीरनं कळ ओढली.
शटर सरसर वर गेलं, कुठे न अडता,
आणि पोटात राहून गेलेलं काहीतरी
खाली पडलं.

इंजिन थांबल्यावर वाकून पाहिलं
आणि तारीख घालून लिहिलं:
पडलं, दोऱ्याचं रीळ, एक.
खाली कोणी नव्हतं.